फर्नेसच्या फिल्टरची कुळकथा

अमेरिका-कॅनडात हिवाळ्याचं गॅसबिल फुगलं की पहिला संशय तळघरातल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या फिल्टरवर जातो. संशय अगदीच खोटा नाही. पण या फिल्टरचं कूळ शोधत गेलं की तो निम्माच खरा ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या तळघरांत कोळशाची फर्नेस धगधगत असे. आयोवातल्या मार्शलटाऊन गावी डेव्ह लेनॉक्सने १८९५ साली पोलादी पत्र्याला रिव्हेट मारून केलेली फर्नेस त्यातलीच. पंखा नव्हताच. गरम हवा हलकी, ती जाडजूड नळांतून आपसूक वर चढायची आणि गार हवा खाली उतरायची. चहूकडे फाकलेल्या या नळांमुळे लोक फर्नेसला ऑक्टोपस म्हणत. हवेचा हा ओघ इतका दुबळा की वाटेत साधं फडकं धरलं तरी अडावा. फिल्टर बसवणार तरी कुठे?

काजळी मग भिंतींवर बसे. भिंतीचा कागद पुसायला सिनसिनाटीची कुटॉल कंपनी कणकेसारखा मऊ लगदा विकत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅस आणि तेलाच्या फर्नेस आल्या, काजळी हटली, लगद्याचा धंदा बसला. १९५६ साली तोच लगदा थोडा बदलून ‘प्ले-डो’ नावाने मुलांच्या हाती आला! फिल्टरच्या इतिहासातलं हे आडवळण, पण मला सर्वांत आवडणारं.

फर्नेसला विजेचा पंखा जोडण्याची पद्धत १९३० च्या दशकात रुळू लागली. पंखा घरातली हवा परत ओढतो, तिच्याबरोबर धूळ आणि कुत्र्या-मांजरांचे केसही. ते पात्यांवर साचू नयेत म्हणून वाटेत फिल्टर आला. म्हणजे तो आला यंत्राच्या रक्षणासाठी. माणसाच्या फुफ्फुसांचा विचार नंतरचा. फिल्टरसाठीचा माल योगायोगाने सापडला. ओहायोत १९३२ च्या सुमारास ओवेन्स-इलिनॉय कंपनीतला डेल क्लाइस्ट काचेचे ठोकळे सांधत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि बारीक तंतू उडाले. या काचतंतूंचा माल बाजारात आला तेव्हा त्यात सुरुवातीलाच हवेचे फिल्टर होते. धुवायची कटकट नाही, मळला की फेकायचा. फिल्टर ‘बदलायचा’ असतो, ही सवय इथली.

पुढे दम्याची, परागांची, अलीकडे वणव्यांच्या धुराची आणि कोविडची धास्ती वाढली, तसे घड्या घातलेले दाट फिल्टर आले. फिल्टर किती बारीक कण अडवतो याचं ‘मर्व्ह’ हे मोजमाप अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने काढलेल्या १९९९ च्या अ‍ॅशरे मानकातून रूढ झालं. कोविडकाळात मर्व्ह १३ फिल्टरचा आग्रह धरला गेला. जाळी दाट झाली की हवेला अडथळा वाढतो. त्यावर उतारा एकच: जाळीचा पसारा वाढवणं. म्हणून चार इंच जाडीचा फिल्टर एक इंचीपेक्षा मोकळा श्वास घेतो आणि टिकतोही जास्त.

आता बिलाकडे. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी वाहते, उष्णता विनिमयक नको तितका तापतो, थोडी जास्त उष्णता धुराड्यातून जाते. फारच तुंबला तर सुरक्षा स्विच बर्नर बंद पाडतो. घर तापायला वेळ लागतो. पण गॅसचं नुकसान लोक समजतात तेवढं नसतं. अमेरिकी ऊर्जा खात्याचा ५ ते १५ टक्के बचतीचा आकडा एअर कंडिशनरच्या फिल्टरबद्दलचा आहे. तो फर्नेसला सरसकट चिकटवणं चूक. खरा फरक मोटरने पडतो. जुनी मोटर अडथळा आला की कमी हवा ढकलते आणि वीजही कमी घेते. नवी ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची) मोटर, बहुतेक मांडणींत, ठरलेली हवा देण्यासाठी वेग वाढवते आणि जास्त वीज खाते. जुलै २०१९ पासून अमेरिकेत बनणाऱ्या फर्नेसच्या पंख्यांना कार्यक्षमतेचा नियम लागू झाला, तेव्हापासून अशाच मोटरी जास्त बसतात. त्यामुळे मळक्या फिल्टरचा दंड आता गॅसबिलाइतकाच वीजबिलातही शोधावा लागतो.

न्यू जर्सी-टोरांटोकडच्या वाचकांना एवढंच सांगणं: उघड्या स्वयंपाकघरातल्या फोडणीची तेलकट वाफ फिल्टरवर धूळ धरून ठेवते, तेव्हा वेष्टणावरच्या तीन महिन्यांच्या मुदतीवर विसंबू नका. हिवाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला, आणि नवा बसवताना चौकटीवरचा बाण पंख्याकडे ठेवा.