माँटे कार्लो पद्धत (प्रकल्प मूल्यमापन)
प्रकल्पाचा खर्च, बचत व कालावधी यांसाठी एकच ठाम आकडा न धरता, संभाव्यतेनुसार यादृच्छिक मूल्ये घेऊन हजारो वेळा हिशेब करण्याची पद्धत. स्टॅनिस्लॉ उलाम व जॉन फोन नॉयमान यांनी ती १९४६ च्या सुमारास लॉस अलामॉस येथे अणुसंशोधनासाठी विकसित केली. नाव मात्र मोनॅकोतील जुगारगृहाचे. डेव्हिड हर्ट्झ यांनी १९६४ मध्ये भांडवली गुंतवणुकीसाठी तिचा पुरस्कार केला. पुढे स्प्रेडशीटमुळे ती कारकुनाच्याही आवाक्यात आली. उदा., ४ लाख रुपये खर्चून २ ते ८ लाखांमधील कोणतीही बचत सारखीच शक्य असल्यास सरासरी नफा १ लाख दिसतो. तोट्याची शक्यता मात्र एक-तृतीयांश असते. परस्परावलंबी घटक स्वतंत्र मानणे ही सर्रास होणारी चूक; तिने धोका बहुधा कमी भासतो.