थेंबापासून उत्तरापर्यंत

हिवतापाचा परजीवी रक्तात असतो, हे लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० साली अल्जीरियात पाहिले. १९०४ मध्ये गिम्सा यांनी रंजकद्रव्य सुधारले आणि काचपट्टीवरचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागला.

मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात अडचण कसली होती? अंतराची. भामरागड, एटापल्लीकडच्या टोल्यावर बोट टोचून थेंब घेता येई. सूक्ष्मदर्शक मात्र दूर. पावसाळ्यात नाले भरले की काचपट्टी अडके. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत जायला थोडे दिवसही पुरतात.

२००५ च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणीपट्टी आली. फाल्सिपेरम परजीवी रक्तात एक विशिष्ट प्रथिन सोडतो. टीपकागदात शाई पसरावी तसे रक्त द्रावणासह पट्टीवरून सरकते. वाटेत सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडे त्या प्रथिनाला चिकटतात, पुढच्या रेषेवर अडकतात आणि रेष लालसर उमटते. वीसेक मिनिटांत आशाताईंना रुग्णाच्या अंगणातच उत्तर मिळते. व्हायवॅक्स जातीत हे प्रथिन नसते. म्हणून २०१३ मध्ये दोन्ही जाती ओळखणारी पट्टी आली.

मात्र परजीवी मेल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकते. औषध लागू पडले का, हे ती रेष सांगत नाही. त्यासाठी पुन्हा काचपट्टीच हवी. नवे साधन आले म्हणून जुने निकामी होत नाही. कोणते साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे विचारायची सवय आपण वर्गात लावू या.