मोटारसायकलस्वारांच्या पोशाखातील गोवंशीय चामडे

मोटारसायकलस्वार पडून डांबरी रस्त्यावर घासत गेल्यास त्याच्या त्वचेचे रक्षण व्हावे, या हेतूने जॅकेट, विजार, हातमोजे आणि शर्यतीतील सलग पोशाख यांसाठी गाय-बैलांचे कमावलेले कातडे वापरले जाते. नायलॉन व पॉलिएस्टर हे धागे घर्षणाच्या उष्णतेने वितळू शकतात; चामडे वितळत नाही. मात्र सर्व चामडी सारखी संरक्षक नसतात. कातड्याचा कोणता थर वापरला आहे, त्याची जाडी किती आहे आणि ते कसे कमावले आहे, यांवर संरक्षण अवलंबून असते.

कातड्याची रचना

कमावण्यापूर्वी केसांसह बाह्यत्वचा काढून टाकली जाते. उरलेल्या अंतस्त्वचेत दोन भाग असतात. वरचा भाग बारीक व घट्ट तंतूंचा असून त्यावर केसांची रंध्रे दिसतात. त्याला ‘ग्रेन’ म्हणतात. खालच्या भागात जाड तंतूंची एकमेकांत गुंतलेली वीण असते. गाईचे कातडे जाड असल्याने ते यंत्राने आडवे चिरून त्याचे थर वेगळे केले जातात.

प्रकार

फुल ग्रेन : यात वरचा पृष्ठभाग न घासता तसाच ठेवलेला असतो. रंध्रे, सुरकुत्या व जनावराच्या जखमांचे व्रण त्यावर दिसू शकतात. नैसर्गिक तंतुरचना अखंड राहिल्याने संरक्षक पोशाखासाठी हा प्रकार उत्तम मानला जातो.

करेक्टेड ग्रेन : यात डाग घालवण्यासाठी पृष्ठभाग हलका घासून त्यावर रंगाचा लेप देतात व नक्षी उठवतात. चामडे एकसारखे दिसते. जाडी पुरेशी असल्यास तेही पोशाखासाठी वापरले जाते.

न्यूबक : ग्रेनची बाजू बारीक घासून मखमली केलेले चामडे. ते पाणी व डाग लवकर धरते.

स्प्लिट व स्वेड : वरचा थर काढल्यावर उरलेल्या खालच्या थराला ‘स्प्लिट’ म्हणतात. तो खरबरीत केल्यास स्वेड तयार होते. त्याच जाडीच्या फुल ग्रेनपेक्षा स्प्लिट सामान्यतः लवकर फाटते. त्यावर पॉलियुरेथेनचा थर चढवून कृत्रिम रंध्रे उमटवली, की ते वरून फुल ग्रेनसारखे भासते. त्यामुळे ‘अस्सल चामडे’ एवढाच शिक्का संरक्षणाची खात्री देत नाही.

कमावण्याच्या पद्धती

पोशाखाचे चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते मऊ, लवचीक व उष्णतेला टिकणारे असते. झाडांच्या सालींतील टॅनिनने कमावलेले चामडे तुलनेने ताठ व जड असल्याने पट्टे, पिशव्या व खोगिरे यांसाठी अधिक वापरले जाते.

जाडी व शिवण

संरक्षक पोशाखाच्या गोवंशीय चामड्याची जाडी सर्वसाधारणपणे १.१ ते १.४ मिलिमीटर असते. केवळ शोभेच्या जॅकेटांचे चामडे याहून बरेच पातळ असू शकते. चामडे उत्तम असूनही शिवण उसवली, तर शरीर उघडे पडते. म्हणून खांदे, कोपर, नितंब व गुडघे येथे दुहेरी थर आणि एकाहून अधिक शिवणी घालतात.

इतिहास

न्यूयॉर्क येथील अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी तिरक्या चेनचे ‘पर्फेक्टो’ जॅकेट तयार केले. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो यांनी याच धाटणीचे जॅकेट घातल्यावर ते तरुणांच्या बंडखोरीचे प्रतीक बनले. पुढे ते फॅशन म्हणूनही रूढ झाले आणि संरक्षक व शोभेचे चामडे यांतील फरक ओळखणे ग्राहकाला कठीण होऊ लागले.

प्रमाणके

युरोपात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईएन १७०९२ या प्रमाणकात पोशाखांचे एएए, एए, ए, बी व सी असे वर्ग आहेत. त्यांपैकी एएए हा सर्वाधिक संरक्षणाचा वर्ग होय. या चाचण्यांत घर्षण, फाटणे व शिवणीची ताकद तपासली जाते. म्हणजेच केवळ चामड्याचा नव्हे, तर संपूर्ण पोशाखाचा दर्जा ठरवला जातो.

निगा

भिजलेले चामडे सावलीत, हवेशीर जागी वाळवावे. शेगडी किंवा हीटरजवळ ठेवल्यास ते कडक होऊन तडकते. अधूनमधून योग्य तेल वा मलम लावल्याने लवचीकपणा टिकतो. जुन्या पोशाखाच्या शिवणी वेळोवेळी तपासणे आवश्यक असते.