मँक्स : तुटलेली आणि सांधलेली साखळी

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रात मॅन नावाचे लहानसे बेट आहे. मँक्स ही तेथील गेलिक कुळातील भाषा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडशी दळणवळण वाढले, इंग्रजीत पोट भरू लागले आणि मँक्स ही दारिद्र्याची खूण ठरली. आईबाप आपसांत ती बोलत, पण मुलांशी इंग्रजीच. 1901 च्या जनगणनेत मँक्स जाणणारे साडेचार हजारही भरले नाहीत. 1974 मध्ये नेड मॅड्रेल हा कोळी वारला. तो अखेरचा मातृभाषक मानला जातो.

तथापि 1948 मध्ये आयरिश लोकविद्या आयोगाने या वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते आणि काही तरुण त्यांच्या सहवासात भाषा शिकले होते. त्या बळावर 2001 मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. 2009 मध्ये युनेस्कोने मँक्स मृत म्हणून नोंदविली, तेव्हा या शाळेतील मुलांनी मँक्समध्येच पत्रे लिहून हरकत घेतली. नोंद बदलली गेली.

साखळी मुलांपाशी तुटली होती, सांधली गेली तीही तेथेच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील निहाली बोलणारी माणसे आज हयात आहेत. तेथे अखेरच्या भाषकाची वाट कशासाठी पाहायची?