पिथियम : नावाचा आणि कुळाचा इतिहास

शहापूर-मुरबाडकडे मुसळधार पावसात भाजीच्या वाफ्यांत पाणी तुंबले, की कोवळी रोपे बुंध्याशी कुजून आडवी होतात. या रोगाचे एक प्रमुख कारण असलेल्या ‘पिथियम’ प्रजातीस प्रिंग्सहाइम यांनी १८५८ मध्ये नाव दिले; भारतात बटलर यांनी तिचा विस्तृत अभ्यास १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. १९१९ मध्ये सुब्रह्मण्यम् यांनी आल्यावरील एका जातीस बटलर यांचेच नाव दिले. पुढे ती बहुधा दुसऱ्या जातीतच गणली गेली. गौरवाचे नावही शास्त्रात असे पुसले जाते! परंतु खरा पालट कुळाचा. पेशीभित्तीतील सेल्युलोज, पाण्यात पोहणारे द्विकशाभिक बीजाणु आणि अलीकडील जनुकीय पुरावा यांवरून ही ‘बुरशी’ तपकिरी शैवालांची आप्त ठरली. म्हणूनच खऱ्या बुरशीतील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखणारी औषधे हिच्यावर फारशी चालत नाहीत; वाफा उंच करून पाण्याला वाट देणे हाच तेथे पहिला उपाय.