भोलारामची फाइल

जबलपूरच्या नेपियर टाउनात भंवरताल नावाची बाग आहे. तिच्यातल्या मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या, झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी रजनीशांना आत्मज्ञान झाले असे त्यांचे अनुयायी मानतात. ते झाड पाहायला दूरदेशींहून लोक येतात. याच नेपियर टाउनात हरिशंकर परसाई राहत. हिंदीतल्या या थोर व्यंगकाराने आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे बहुतेक अंथरुणावर पडून काढली, तीही याच वस्तीत. १० ऑगस्ट १९९५ रोजी ते गेले. त्यांच्या शोधात नेपियर टाउनात येणारे थोडे.

घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे चांगुलपणाचा हिशेब मांडायला दोन भाषांतल्या म्हणी असतात. मराठी सांगते, पेरावे तसे उगवते. हिंदी सांगते, नेकी कर दरिया में डाल. पहिली फळाची हमी देते, दुसरी फळाचा नादच सोडायला लावते. आणि दोन्ही खोट्या ठरल्या की दोन्ही भाषांत एकच वाक्य उरते: भल्याचा जमाना राहिला नाही. परसाई वाचू लागल्यापासून मला या तिन्ही वाक्यांचा संशय येतो. तो का येतो, हे सांगण्यासाठी आधी त्यांच्या आणि त्यांच्या एका मित्राच्या आयुष्याकडे पाहावे लागेल.

परसाई २२ ऑगस्ट १९२४ चे. जन्म होशंगाबाद जिल्ह्यातल्या जमानी गावचा. शाळकरी वयात प्लेगने आई गेली, वडील खचले आणि धाकट्या भावंडांचा भार थोरल्या मुलावर आला. वनखात्यात नोकरी, खांडव्याला मास्तरकी, जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे प्रशिक्षण आणि मग इथल्या मॉडेल हायस्कुलात नोकरी, असा तो क्रम आहे. १९५२ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली, पुढे खासगी शाळांत शिकवले आणि १९५७ पासून फक्त लेखणीवर जगायचे ठरवले. लग्न केले नाही. विधवा झालेल्या बहिणीचा आणि तिच्या मुलांचा संसार आपला मानला. ‘हँसते हैं, रोते हैं’ हा पहिला संग्रह त्यांनी स्वतः छापला आणि स्वतःच विकला.

ही कहाणी त्यागाची म्हणून सांगता येते आणि आपल्याकडे ती तशीच सांगितली जाते. परसाईंनी स्वतः मात्र ती तशी सांगायला नकार दिला. ‘गर्दिश के दिन’ या आत्मपर लेखात प्लेगच्या दिवसांतले घर येते, पण लेखाचा रोख आपल्या दुःखाकडे लोकांचे लक्ष वेधण्याचा नाही. स्वतःच्या दुःखाला कुरवाळत बसणारा माणूस दुसऱ्याचे दुःख पाहू शकत नाही, ही त्यामागची समज मला दिसते. सोसले म्हणून आपले काही येणे लागते, असा सूर त्यात नाही.

१९५६ साली त्यांनी मित्रांच्या साथीने जबलपुरातून ‘वसुधा’ हे मासिक काढले. पैसा नव्हता, मोठे घराणे पाठीशी नव्हते. अंक काढायचा, प्रेसची उधारी करायची, ती फेडायला आणखी लिहायचे. दोनेक वर्षांत ते आर्थिक ओढाताणीने बंद पडले. पण एवढ्या अवधीत ‘वसुधा’ने एक मोठे काम केले: गजानन माधव मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ तिच्या पानांतून वाचकांपुढे आली.

मुक्तिबोध म्हणजे हिंदीत गेलेला मराठी माणूस. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, गाव श्योपूर. घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतच लिहीत राहिले, ‘नवी मळवाट’चे कवी आणि समीक्षक म्हणून नाव झाले आणि १९७९ साली ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरला भाऊ गावोगाव नोकऱ्या करत फिरला. शाळा, वृत्तपत्रे, नागपूरचे आकाशवाणी केंद्र आणि शेवटी १९५८ पासून राजनांदगावचे दिग्विजय महाविद्यालय. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये कविता आल्या होत्या, पण पुढची वीस वर्षे स्वतःचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. चार पैसे मिळावेत म्हणून ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले, तर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे उत्पन्नाची आशाही गेली आणि अपमान तेवढा पदरी पडला.

१९६४ च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघात झाला. मित्रांनी धावपळ करून त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात नेले, मग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत. त्या मित्रांत परसाई होते. पुढे त्यांनी त्या दिवसांची आठवण लिहिली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध गेले. वय शेहेचाळीस. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला, पण तो हातात घ्यायला कवी नव्हता.

आज हिंदीच्या अभ्यासक्रमात मुक्तिबोधांशिवाय पान हलत नाही. त्यावर आपण म्हणतो, काळाने न्याय केला. या वाक्यापाशी मी दरवेळी अडखळतो. काळाने न्याय केला तो पुस्तकाला. माणसाला नाही. ज्याला घरभाडे द्यायचे होते, मुलांच्या फिया भरायच्या होत्या, औषधे आणायची होती, त्याच्यापर्यंत यातले काहीच पोचले नाही. मरणोत्तर कीर्तीचे समाधान मेलेल्याला नसते. ते आपल्याला असते. आपण देणे वेळेवर दिले नाही, याची टोचणी त्यामुळे कमी होते.

परसाईंची ‘भोलाराम का जीव’ ही कथा मला इथे आठवते. भोलाराम जबलपूरच्याच घमापूर वस्तीत नाल्याकाठच्या दीड खोलीत राहणारा निवृत्त सरकारी नोकर. पाच वर्षे पेन्शनसाठी अर्ज करत करत तो मरतो. पण त्याचा जीव यमलोकी पोचतच नाही. चित्रगुप्ताच्या वह्या तपासल्या जातात, यमदूत हात टेकतात. शेवटी नारद पृथ्वीवर येतात, सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात, अर्जावर ‘वजन’ ठेवायला हवे हे शिकतात आणि वजन म्हणून आपली वीणा देऊन बसतात. मग कळते, की भोलारामचा जीव पेन्शनच्या फाइलीत अडकला आहे आणि तिथून निघायला तयार नाही.

कथा सगळ्यांना हसवते. मला तिच्यातली मांडणी महत्त्वाची वाटते. आपल्या पुराणांत पापपुण्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असतो. परसाई दाखवतात, की चित्रगुप्ताची वही या बाबतीत निरुपयोगी आहे. भोलारामचा हिशेब ज्या वहीत अडला ती खाली, कचेरीत, एका खात्याच्या टेबलावर आहे. आयुष्यभर इमाने काम केलेल्या माणसाला फळ मिळाले नाही, हे दैवाचे गूढ नाही. त्याला एक पत्ता आहे. तिथे एक खुर्ची आहे, तिच्यावर एक माणूस बसतो आणि तो वजनाची वाट पाहतो.

याची दुसरी बाजू ‘टॉर्च बेचनेवाले’ या कथेत आहे. दोन मित्र नशीब काढायला वेगवेगळ्या दिशांना जातात. एक चौकात उभा राहून लोकांना रात्रीच्या अंधाराची भीती घालतो आणि टॉर्च विकतो. दुसरा मंचावर बसून आतल्या अंधाराची भीती घालतो आणि आतला प्रकाश विकतो. पाच वर्षांनी भेट होते तेव्हा पहिला अजून पायीच असतो आणि दुसऱ्याकडे मोटार आणि बंगला असतो. पहिला आपली टॉर्चची पेटी नदीत सोडतो आणि मित्राचाच धंदा धरायला निघतो. दोघांचा धंदा एकच, असे परसाई म्हणतात. भाव मात्र एक नाही. इथे ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण साफ कोलमडते. बाजार कष्टाला भाव देत नाही. गिऱ्हाइकाला किती भीती वाटते आणि ती शमवायला तो किती मोजेल, याला देतो.

असे लिहिणाऱ्याला काय मिळाले? १९७३ साली त्यांच्या लिखाणाने चिडलेल्या लोकांनी घरी येऊन त्यांना मारहाण केली. पुढे पाय मोडला. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या लेखात ते अचानक पाया पडू लागलेल्या लोकांकडे पाहतात आणि ही श्रद्धा आपल्या कामामुळे जन्मली की मोडक्या पायातून, असा संशय घेतात. त्याच नावाच्या संग्रहाला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८५ साली सहा खंडांत ‘परसाई रचनावली’ निघाली. म्हणजे परसाईंना अगदीच काही मिळाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण मुक्तिबोधांना जिवंतपणी न मिळालेले आणि परसाईंना थोडेफार मिळालेले, यांतला फरक दोघांच्या कष्टांत किंवा चांगुलपणात शोधू गेलो तर सापडत नाही. एकाला सत्तर वर्षे मिळाली, दुसऱ्याला शेहेचाळीस. बराचसा फरक एवढाच.

म्हणून मला त्या तीन वाक्यांचा संशय येतो. ‘पेरावे तसे उगवते’ म्हणणारा, ज्याच्या शेतात उगवले नाही त्याच्या बियाण्यावरच शंका घेतो. भोलारामनेच काहीतरी केले असेल, असे म्हणायला त्याला वेळ लागत नाही. ‘दरिया में डाल’ हे देणाऱ्याने स्वतःला सांगायचे वाक्य आहे. ते घेणाऱ्याने, मालकाने किंवा सरकारने उच्चारले तर ती मजुरी बुडवण्याची युक्ती होते. आणि ‘भल्याचा जमाना राहिला नाही’ म्हणणारा सगळा दोष जमान्यावर टाकून टेबलावरच्या माणसाला मोकळा सोडतो.

मला वाटते, इथे दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच वहीत लिहितो. एक आहे चांगुलपणा, दुसरे आहे देणे. दिल्लीच्या रुग्णालयात मित्रासाठी खेटे घालणाऱ्यांना त्यांच्या धावपळीचे फळ मिळाले नाही. मित्र वाचला नाही. तरी ती धावपळ वाया गेली असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले असते, असे मला वाटत नाही. तिथे फळाचा हिशेबच नव्हता. पण भोलारामची पेन्शन ही कोणाची कृपा नव्हती. ते त्याच्या नोकरीचे पैसे होते. मुक्तिबोधांना लिखाणाचे मानधन मिळणे, पाठ्यपुस्तकाचे उत्पन्न मिळणे, हे बक्षीस नव्हते.

चांगुलपणाचा मोबदला मागू नये, हे खरेच. पण कष्टाचा मागावा, टेबलाटेबलावर जाऊन मागावा आणि दुसऱ्याचा अडला असेल तर त्याच्यासाठीही मागावा. भोलारामच्या घरी बायको होती, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. नारद तिच्या दारात गेले तेव्हा तिला त्यांच्याकडून स्वर्गाची वार्ता नको होती. तिला पेन्शन हवी होती.