तारतम्य : एका शब्दाचे दोन संसार

विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ च्या सुमारास केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाडे यांनी १९२२ साली प्रकाशात आणला. ग्रंथ संस्कृत खरा. पण त्याच्या अखेरच्या भागात मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा नाना भाषांतील स्तुतिकवने आहेत. स्तुती म्हटली की तुलना आलीच. अमका तमक्याहून थोर, हे प्रत्येक भाटाला आपापल्या बोलीत सांगावेच लागते.

हे सांगण्याची संस्कृताची रीत मोठी सुटसुटीत. विशेषणाला ‘तर’ लावला की दोघांत अधिक, ‘तम’ लावला की सर्वांत अधिक : लघु, लघुतर, लघुतम. व्याकरणकार यांसच तरभाव व तमभाव म्हणतात. मराठीने मात्र बोलण्यात हे प्रत्यय सोडून दिले. ‘उच्चतर’, ‘प्रियतम’ हे शब्द पोथीतून आले, चुलीपाशी जन्मले नाहीत. ‘ज्येष्ठ’ आणि ‘श्रेष्ठ’ ही तर मुळात तमभावाचीच रूपे. पण ती इतकी झिजली की ‘सर्वश्रेष्ठ’ म्हटल्यावाचून आपले समाधान होत नाही.

मराठी विशेषण जागचे हलत नाही. भार सगळा नामावर पडतो. ‘रामाहून मोठा’ यात ‘हून’ ही पंचमी, म्हणजे रामापासून मोजावयास आरंभ. ‘रामापेक्षा मोठा’ यातील ‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’चा अवशेष, आणि अपेक्षेच्या पोटात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. रामाकडे पाहता मोठा, असा त्याचा मूळ भाव. बंगालीत ‘रामेर चेये बड़ो’ म्हणतात. तेथेही ‘चेये’ म्हणजे ‘पाहून’. सर्वांत मोठा तो ‘सबचेये बड़ो’. तेलुगूतील ‘कंटे’ हे ‘कनु’, म्हणजे पाहणे, याच धातूचे रूप. तमिळ माणूस ‘विड’ म्हणतो, म्हणजे त्याला ‘सोडून’. कानडीत चतुर्थीपुढे ‘इंत’ येऊन ‘रामनिगिंत दोड्डवनु’ होते आणि सर्वांत मोठा तो ‘एल्लरिगिंत दोड्डवनु’. धातू कोणताही असो, विशेषणाला हात न लावण्याचा शिरस्ता या साऱ्या भाषांत सारखाच. आर्यभाषा आणि द्राविडी भाषा या बाबतीत एकाच पंगतीला बसतात, ही गोष्ट लहान नव्हे.

तर आणि तम हे प्रत्यय असे बोलण्यातून गेले. पण त्या दोघांपासून झालेला ‘तारतम्य’ हा शब्द मागे राहिला, आणि त्याचा प्रवास प्रत्येक घरी निराळा झाला. बंगालीत तापमानातले ‘तारतम्य’ म्हणजे नुसता कमीअधिकपणा. मराठीत तो सद्गुण झाला. कोणते थोर, कोणते क्षुल्लक, काय आधी, काय मागून, हे ओळखणारा माणूस तारतम्य जाणणारा. आणि ‘त्याला तारतम्य नाही’ हा ठपका तर शिवीच्या जवळ जातो.

कन्नड देशात तेराव्या शतकातच मध्वाचार्यांच्या द्वैतमताने या शब्दाला सिद्धान्ताचे आसन दिले. देवांत आणि जीवांत उच्चनीचतेची पायरी आहे, तेच तारतम्य. ती पायरी माध्वांना ईश्वरी व्यवस्था वाटते. पण तोच शब्द समाजव्यवहारात उतरला, तेव्हा त्याची धार माणसामाणसांतील भेदावर फिरली. आज कन्नड वृत्तपत्रात ‘जाति तारतम्य’ वा ‘लिंग तारतम्य’ लिहिले असेल, तर तो पक्षपाताचा, अन्यायाचा उच्चार असतो. कमीअधिक पारखणे आणि कमीअधिक लेखणे यांतील अंतर मराठीने आणि कन्नडने दोन टोकांनी पकडले आहे.

म्हणून बंगळुरातील एखाद्या मराठी गृहस्थाने कचेरीत भाषण करताना वरिष्ठांची वाखाणणी केली, की साहेब प्रत्येक निर्णयात तारतम्य बाळगतात, तर टाळ्यांऐवजी कन्नड श्रोत्यांच्या कपाळी आठ्या दिसण्याचा संभव आहे. त्याला जे म्हणावयाचे असते त्यासाठी तेथे ‘विवेक’ हा शब्द आहे, आणि तो दोन्ही भाषांत सारखाच चालतो.